न ओरडणारी भाषा

संगणकाला कामं सांगायची एक नवी भाषा त्याने जेवणाच्या टेबलावर बसून घडवली. पहिल्या नोकरीत जरा काही चुकलं की संगणक काम थांबवून पडदाभर लाल अक्षरं ओकायचा, आणि पाठीमागे साहेब उभे. म्हणून त्याचा हट्ट एकच: आपल्या भाषेने माणसावर डाफरायचं नाही. एखादी संख्या द्यायची राहिली, तर तिथे गुपचूप शून्य धरायचं आणि पुढे चालायचं.

"घरात मी ओरडते, त्याचा सूड उगवतोयस," बायको म्हणायची.

लोकांनी ती भाषा डोक्यावर घेतली. दुकानं, कारखाने, इस्पितळं, कुठे कुठे ती पोचली याचा त्यालाही पत्ता नव्हता.

बायकोचं ऑपरेशन झालं त्या दुपारी तो तिच्या उशाशी बसला होता. तिच्या बोटाला चिमटा, चिमट्याची वायर यंत्रात, यंत्रावर रक्तातल्या प्राणवायूचा आकडा. यंत्र सुरू होताना त्याच्या भाषेचं चिन्ह उमटलं, तेव्हा तो मनातून सुखावला होता.

जरा डोळा लागला. उघडला तेव्हा आकडा शून्य होता.

तो ताडकन उठला. सिस्टरला हाक मारायला वळला. मग दिसलं, चिमटा चादरीवर पडलाय आणि ही चक्क घोरतेय. त्याला हसू येणार, तोच त्याची नजर पुन्हा यंत्राकडे गेली. यंत्र गप्प होतं.

"सिस्टर, हे वाजलं कसं नाही?"

"आवाज नाही म्हणजे सगळं ठीक, काका."

"कितीच्या खाली गेलं की वाजायचं, तो आकडा भरलाय का?"

तिने वाकून पाहिलं. "अगंबाई, राहिलाच की."

म्हणजे भाषेने गुपचूप धरलेली मर्यादा शून्य. चिमटा निसटल्यावर प्राणवायूही शून्य. शून्य काही शून्याच्या खाली जात नाही. बायको खरंच गेली असती, तरी यंत्राने चकार शब्द काढला नसता. त्यानेच तसं शिकवलं होतं.

सिस्टरने आकडा भरला मात्र, यंत्राने वॉर्ड दणाणून सोडला. बायकोने डोळे किलकिले केले.

"कोण बोंबलतंय एवढं?"

"बोंबलू दे," तो म्हणाला. चादरीवरचा चिमटा उचलून त्याने तिच्या बोटाला लावला. तसा आवाज थांबला.

त्या शांततेतच त्याने मान वर करून पाहिलं. वॉर्डात भिंतीपर्यंत पलंग होते. प्रत्येकाच्या उशाशी तसंच यंत्र. सगळी गप्प.

"सिस्टर, जरा माझ्याबरोबर चला," असं म्हणत तो शेजारच्या पलंगाकडे निघालासुद्धा.