समजून घेतल्यानंतर

अज्ञान दूर झालं की माणूस माणसाच्या जवळ येतो, असं आमच्या सोसायटीच्या दर समारंभात कुणीतरी सांगतंच. आज संक्रांतीच्या संध्याकाळी जिना उतरताना नेहाच्या दाराच्या कडीला तिळगुळाची पिशवी लटकलेली दिसली.

पंचविशीतली नेहा दर वर्षी आईबरोबर हळदीकुंकवाला यायची. कुंकवाचं बोट कपाळाजवळ आलं की मान मागे घ्यायची. मग कोपऱ्यात बसून सगळ्यांच्या गप्पा ऐकायची आणि सर्वांत शेवटी उठायची. ‘केवढा तो माज!’ असं म्हणत बायका तिला दर वर्षी बोलवायच्या.

गेल्या वर्षी तिच्या आईने सांगितलं, ‘तिला ऑटिझम आहे. स्पर्श सोसत नाही, पण इथे यायला फार आवडतं.’

‘अगं बाई! आधी नाही का सांगायचं?’ सगळ्या हळहळल्या. आईच्या बोलण्यातलं पहिलं वाक्यच तेवढं त्यांच्या लक्षात राहिलं. माज करणारी निदान आपल्यातली वाटते. बिचारी म्हटली की ती आपल्यातून उठते.

बंद दाराआडून नेहा विचारत होती, ‘आई, कधी निघायचं?’

वरच्या मजल्यावर हळदीकुंकू सुरू झालं होतं. पिशवी अडकवताना कुणी बेल वाजवली नव्हती. आवाजाचाही त्रास होतो म्हणे.