दिल्लीचं स्थळ

आमच्यात पोरगी द्यायची म्हणजे आधी स्थळ बघायचं, मग बाकीचं बोलायचं. थोरल्या बहिणीला शिरूरला दिली तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिथल्या विहिरीचं पाणी चाखलं, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि नवऱ्या मुलाकडं सगळ्यात शेवटी बघितलं. त्यामुळं मला रशियनच्या एमएला पुणे आणि दिल्ली दोन्हीकडं प्रवेश मिळाला तेव्हा आप्पा म्हणाले, "दोन्ही बघून घेऊ. मग ठरवू." मी कपाळावर हात मारला.

मला दिल्लीच हवी होती. तिथं दुभाष्याचं काम शिकवतात, आणि शिकवणाऱ्या बाई मॉस्कोत राहून आलेल्या. पुणंही काही वाईट नव्हतं, पण आमच्या केडगावहून डेमू गाडीनं जाऊन-येऊन करायचं म्हणजे संध्याकाळी परत भाकरी थापायला घरी, आणि वर्षभरात कुणीतरी पोहे खायला येणारच. मामा दौंडला रेल्वेत. ते तर पुण्यासाठी हटूनच बसले. "पास काढून देतो की," म्हणाले. "आन् दिल्लीला शिकून रशियन बोलणार कुणाशी? दौंडात?"

"तुमच्याशी तर न्हाई," मी म्हणाले. आईनं डोळे वटारले.

पुण्याला मामाही आले. आप्पांनी खात्याच्या सरांना विचारलं, पाणी कुठनं येतं. सर म्हणाले, कॉर्पोरेशनचं. मग चहा आला. आप्पा तो प्याले, दुसरा मागून घेतला, बिस्किटं संपवली आणि सरांना आमच्या कांद्याची सगळी हकीकत सांगितली. मामा माझ्याकडं बघून हसले. झालं, मी मनात म्हटलं, जमली आपली सोयरीक.

दिल्लीला आम्ही दोघंच गेलो. आप्पांनी हॉस्टेलचा नळ सोडून बघितला, खोलीची कडी लावून बघितली. ग्रंथालयात रशियन पुस्तकांच्या कपाटातलं एक जाडजूड पुस्तक काढलं, हातात तोललं आणि जागेवर ठेवलं. मग बाईंना आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, "घर में माणसं कितनी?" बाईंनी बिचाऱ्यांनी विद्यार्थ्यांचा आकडा सांगितला.

"खटलं मोठं हाय," आप्पा मला म्हणाले.

तेवढ्यात समोसे आणि चहा आला. आप्पांनी हात जोडले. नको. बाईंनी आग्रह केला, निदान पाणी तरी घ्या. नको म्हणजे नको. बाहेर ऊन मी म्हणत होतं, माणसाचे ओठ सुकलेले, तरी कँटीनच्या पाण्यालाही शिवले नाहीत. बाईंचा चेहरा उतरला. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढा कसला राग त्या समोशांवर?

परतीची गाडी सुटल्याबरोबर आप्पांनी स्टेशनवर घेतलेली बाटली घटाघटा रिकामी केली आणि आईनं दिलेल्या दशम्या सोडल्या. तेव्हा माझं डोकं सणकलं.

"पसंत नव्हतं तर सरळ सांगायचं! बाईंचा असा अपमान कशाला? पुण्यात बरा दोन-दोन कप चहा चालला तुम्हाला!"

आप्पांनी घास गिळला. "पुण्यात कुठं तुला द्यायची होती?"

"म्हंजी?"

"शिरूरला थोरलीकडं मी कधी घोटभर पाणी तरी पेलो का? नातू झाला तवाच पयला घास घेतला. लेकीच्या घरचं तसं खात न्हाईत, येवढं बी ठावं न्हाई तुला?"

मला असं रडू फुटलं, की समोरच्या बाकावरची माणसं आप्पांकडंच संशयानं बघायला लागली. आप्पांनी एक दशमी माझ्या हातात कोंबली.

"गप. आता तिथं तुझं एखादं पुस्तकबिस्तक होऊ दे," ते म्हणाले. "मग येतो जेवायला."