फाटकं लुगडं नेसून आणलेलं औषध

"क्षय उलटलाय," डॉक्टर म्हणाले. एक्स-रे खिडकीकडे धरून ते बोलत होते. स्पुटम पॉझिटिव्ह, म्हणजे ह्यांच्या थुंकीत पुन्हा जंतू सापडले होते. पहिल्या खेपेला इंजेक्शनं अर्ध्यावर सुटली, त्यामुळे जुन्या औषधाला ते जंतू दाद देईनात. याला रेझिस्टन्स म्हणतात. आता रिफाम्पिसिन नावाची नवी कॅप्सूल रोज उपाशीपोटी घ्यायची होती.

"यात खंड पडला, तर पुढचं औषध माझ्याकडे नाही," असं ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "ही इथं मिळत नाही. बाहेरून घ्या."

बाहेरून घ्या! किती सहज म्हणतात. हे मागावर बसायचे, मी सुताच्या कांड्या भरायची, त्यावर आमचं घर चालायचं. हे खाटेला खिळले आणि माग बंद पडला. पहिलं पाकीट माझी कानातली मोडून आणलं. त्या औषधानं लघवी लाल होते हे कोणी सांगितलं नव्हतं. "रगत जाऊन राहिलं वं," म्हणून हे रडले. तुमच्या घरी कोणी ही कॅप्सूल घेत असेल तर घाबरू नका, तो औषधाचाच रंग असतो.

पाकीट संपत आलं तेव्हा वॉर्डातल्या आयाबाईनं इतवारीच्या बाजारातल्या एका धर्मादाय फंडाचं नाव सांगितलं. फंड चालवणारे भाऊसाहेब कापडाचे मोठे व्यापारी, त्यांचं दुकानही त्याच गल्लीत. मी न्हाले, वेणी घातली आणि रेशीमकाठी लुगडं नेसले. दुकानात न देता ह्यांनी माझ्यासाठी विणलेलं ते एकच. विणकराची बायको मोठ्या माणसाच्या दारी मळकी गेली तर नवऱ्याच्या हातची अब्रू जाते, असं आमच्यात मानतात.

भाऊसाहेबांची नजर आधी काठावर गेली आणि तिथंच राहिली.

"हा काठ पक्क्या रेशमाचा हाये. असं लुगडं नेसून धर्माचं औषध मागतं?"

"घरच्यानंच विनलं, भाऊसाहेब. ते दवाखान्यात हायेत."

"मंग इकून टाक ना!"

मी घरी गेले, लुगडं बदललं आणि ते घडी करून त्याच गल्लीत, त्यांच्याच दुकानात नेलं. दिवाणजीनं उलगडून पाहिलं आणि परत माझ्याकडे सरकवलं. "नेसलेलं हाये बाई. याले कोन घेते?" फंडात जे लुगडं मला श्रीमंत ठरवत होतं, ते चार पावलांवर चिंधी झालं. माझ्या अंगाची आग झाली.

पाकिटात शेवटच्या दोनच कॅप्सूल उरल्या होत्या. आयाबाई माझ्यावरच चिडली. "नटून काहून गेली वं? फाटकं नेस. डोक्याले तेल लावू नको. अन् रड."

शेजारणीचं ठिगळाचं लुगडं नेसून मी पुन्हा गेले. रडायचं सोंग करावं लागलं नाही, रडू आपसूक आलं. भाऊसाहेबांनी मला ओळखलंसुद्धा नाही. पहिल्यांदा त्यांनी माझं तोंड पाहिलंच नव्हतं. पूर्ण कोर्सचं औषध मंजूर झालं. मात्र दर महिन्याला स्वतः येऊन न्यायचं होतं.

परत वॉर्डात आले तेव्हा ह्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"हे कोनाचं नेसून राहिली? अन् अशी इतवारीत गेली? त्या गल्लीत मले सारे ओळखतात!"

"मंग काय करू? मरता का?"

"मेलो असतो त बरं झालं असतं."

"मंग औषध गिळून मरा!" मी ओरडले. सगळा वॉर्ड पाहत होता. ह्यांनी कॅप्सूल गिळली आणि भिंतीकडे तोंड केलं.

दर महिन्याला मी तेच ठिगळाचं लुगडं मागून नेसत गेले. ह्यांची एकही कॅप्सूल चुकली नाही. शेवटी स्पुटम निगेटिव्ह आलं, म्हणजे थुंकीत जंतू उरले नाहीत. लोक म्हणतात, भाऊसाहेबांचे उपकार माना. औषध त्यांचं होतं, ते मी नाकारत नाही. पण हात जोडायची वेळ आली की मला आयाबाईच आठवते. तुमच्यावर ही पाळी आली, तर तिचं ऐका. आधी माणूस वाचवा, रागवायला नंतर जन्म पडलाय.

डॉक्टरांनी ह्यांना मागावर बसायची मोकळीक दिली होती. तरी लुगडी विकायला पुन्हा इतवारीच्या गल्लीत जायला नको, म्हणून हे आता डाळीच्या गिरणीत पोती शिवतात. कोणी विचारलं तर छातीचं कारण सांगतात. मी शेजारीच उभी असते, पण त्यांना खोटं पाडत नाही.