एकोणीस चाकू आणि मेंढ्यांची ओळखपरेड

३० सप्टेंबर.

उद्या खंडेनवमी. घरातली विळी, सुऱ्या, कात्री, खवणी आणि नवऱ्याची पान्यांची पेटी सकाळपासून अंगणात मांडून घासत बसले आहे. सगळ्यात शेवटी माझ्या पर्समधला घडीचा चाकू. बोटभर पातं, पितळी मूठ, बिजागरीत दोन थेंब तेल घातलं की अजून गुमान मिटतो. नोकरीतल्या फायलींचे दोरे, पार्सलांच्या सुतळ्या आणि डब्यातल्या काकड्या यानेच कापल्या. मुदतीच्या आधीच मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. गणवेश परत केला, हा राहिला. याला तेल घालायला बसले की दर वर्षी एकच प्रकरण डोळ्यांपुढे येतं. नावं कुणाचीच लिहीत नाही. वाचून ज्याला त्याला आपापलं कळेल.

मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्याची प्रभारी निरीक्षक होते. नवरात्राची आठवी माळ होती. सणामुळे शहरात शस्त्रबंदीचा आदेश लागू होता आणि बंदोबस्ताने सगळा स्टाफ पिंजून निघालेला. सकाळी दहाला एका रिक्षावाल्याचा फोन आला. क्रांती चौकातून बसलेली सवारी बसस्टँडला चालली आहे, म्हातारा आहे, मांडीवर गाठोडं आहे आणि प्रत्येक खड्ड्याला गाठोडं खळखळतं. "मैं बोला चाचा, नीचे रखो आराम से. नीचे रखताच नै. पायाजवळ ठेवणार नाय बोलता. मॅडम, उस में कुछ तो है."

माझ्याकडे एक नवा उपनिरीक्षक होता. हुशार, धावपळीचा, आणि मोठी केस मिळावी म्हणून रोज देवाला नमस्कार करणारा. त्याने बसस्टँडवर म्हाताऱ्याला गाठलं, दोन पंच घेतले, गाठोडं सोडलं. आत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले एकोणीस घडीचे चाकू निघाले. सगळ्यांना नुकतीच धार लावलेली.

अकराला मी ठाण्यात पोचले तेव्हा चाकू गाठोड्यात परत बांधून, वर सुतळी आणि लाखेचं सील मारून तयार होते. अंगझडतीत तंबाखूची चंची, चुन्याची डबी आणि एसटीचं तिकीट मिळालं होतं. कागदावर लिहिलं होतं, 'अंगावर आक्षेपार्ह काही आढळून आले नाही.' म्हातारा बाकड्यावर पाय जवळ घेऊन बसला होता. डोक्याला लाल पटका, अंगात बंडी, वय सत्तरीच्या पुढे. मेंढपाळ, वाडा पाचोडजवळ. वाडा म्हणजे यांचा मेंढरांसकटचा मुक्काम.

"मॅडम, चार वाजता पत्रकार बोलावलेत," उपनिरीक्षक म्हणाला. "मोठ्या साहेबांना कळवलंय. चाकू टेबलावर चक्रासारखे मांडतो, मागं आरोपी."

"आरोपी कुठं झाला अजून? गुन्हा दाखल केलास?"

"करतोच आहे."

"थांब."

विचारपूस त्याने सुरू केली, मी खुर्ची घेऊन बाजूला बसले. नवीन अधिकाऱ्याला मधे तोडायचं नाही, हा माझा नियम होता. त्या दिवशी तो पाळणं जड गेलं.

"चाकू कुणाचे?"

"वाड्यावरल्यांचे."

"तुझा कुठला?"

"ह्यातला एक बी माझा नाय, सायेब. माझा माझ्यापाशी हाय."

"मालकांची नावं सांग."

"नावं नाय सांगत."

"का?"

"नावं सांगितली तर तुमी त्यास्नी बी इथं आणून बशिवनार. उद्या खंडेनवमी, परवा सीमोल्लंघन करून मेंढरं निघनार. मी एकला बसलो तेवढं पुरं झालं."

"मग कुठला कुणाचा, हे तुला कसं कळतं?"

'हा माणूस पोलिसात कसा लागला?' अशा नजरेनं म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं. "कानावरून की! एक डाव्या कानाच्या चिरेचा हाय. एक दोनी कानांच्या शेंड्याचा. एक उजव्या कानाच्या दोन खाचांचा."

उपनिरीक्षक उठून मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला. "मॅडम, कान कापणारी टोळी आहे. आणि प्रत्येक चाकूच्या मुठीवर खाचा आहेत. मी मोजल्यात. किती जणांचे कापले त्याचा हिशेब असणार."

"मग एकोणीस चाकूंनी कापलेले कान घेऊन कुणीतरी दवाखान्यात गेलं असेल. एक तरी तक्रार आली का जिल्ह्यात?"

मी त्याला सील फोडायला सांगितलं.

टेबलावर वर्तमानपत्र अंथरून चाकू मांडले. मुठी शिंगाच्या, काही बाभळीच्या; एकीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, एकीला तांब्याची तार. मी पट्टी लावली. सगळ्यात लांब पातं चार इंचांच्या आत. कायद्यात पात्याच्या लांबी-रुंदीची मर्यादा आहे, शेतीच्या आणि घरकामाच्या अवजारांना सूट आहे. पण खिशात एक चाकू असला की ते अवजार, आणि गाठोड्यात एकोणीस असले की शंका येणारच. उपनिरीक्षकाची मी चूक म्हणत नाही. मात्र मला दोन गोष्टी दिसल्या. धार पात्याच्या एकाच अंगाला होती. आणि टोकं मुद्दाम घासून बोथट केलेली होती. भोसकायला निघालेला माणूस आधी टोक तीक्ष्ण करतो.

"बाबा, टोकं अशी का?"

"खूर तासायला, बाई. पावसाळ्यात खुरं वाढत्यात, चिखलात सडत्यात. टोक असलं तर आतल्या मांसात जातं, मेंढरू लंगडतं." मग तो रंगात आला. त्याच चाकवानं कोकराची नाळ कापायची, पायातला बाभळीचा काटा काढायचा, कांदा चिरायचा, गुंतलेली लोकर सोडवायची. "चाकू नाय तो मेंढक्या नाय. बायकोवाचून चार दिस निघत्यात."

धार कुणी लावली? शहरातल्या एका बोळात बसणाऱ्या धारवाल्या चाचांनी. दर वर्षी आठव्या माळेला म्हातारा एकटा पहाटेच्या एसटीने अख्ख्या वाड्याचे चाकू घेऊन येतो, चाचा धार लावतात, मुठी बसवतात आणि संध्याकाळच्या आत चाकू घरोघर पोचतात. नवमीला ते पाटावर पुजले जातात. पुजल्याशिवाय वाडा हलत नाही.

मी चाचांना बोलावून घेतलं. ते हातातली कानस घेऊनच आले. "मॅडम, नवमी के पहले देताव बोलके मैं जबान दिया. इनो भी जबान दिये. अब तुमे दोनों की जबान सील कर दिये."

"लिहून ठेवता का काही? वही, पावती?"

"काय कू? मूठ पे लिखेला है ना." त्यांनी एक चाकू उचलला. "पात समोर करो. मुठीचा डावा गाल म्हणजे डावा कान, उजवा म्हणजे उजवा. जिसकी मेंढी का जैसा कान, वैसी मूठ."

आता कुठे उलगडलं. एका माळावर पाच-पाच कळप चरतात. मेंढी कुणाची हे कळावं म्हणून प्रत्येक घराची कानाला खूण ठरलेली असते. कुणाची चीर, कुणाची खाच, कुणाचा शेंडा छाटलेला. तीच खूण त्या घराच्या चाकूच्या मुठीवर.

"दोघं मिळालेले असतील, मॅडम," उपनिरीक्षक हळूच म्हणाला.

त्याचं म्हणणं बरोबर होतं. साक्षीदाराच्या शब्दाला आधार लागतो. दोन वाजत आले होते. म्हाताऱ्याची शेवटची सोयीची बस पाचची. चाकू जप्त राहिले तर एकोणीस घरांची पूजा अडणार, आणि संध्याकाळच्या पेपरात फोटो आला असता तर पुढच्या खंडेनवमीला कुणी त्याच्या हाती चाकू दिला नसता. तो एकदाच म्हणाला, "बाई, कोंडायचं तर कोंडा. चाकू पोचवा." बाकी विनवणी काही नाही.

मी त्याच्या सुनेचा नंबर घेतला आणि व्हिडिओ कॉल लावला. म्हाताऱ्याला हवालदाराबरोबर दुसऱ्या खोलीत बसवलं, म्हणजे त्याने काही सुचवायला नको. उपनिरीक्षकाला सांगितलं, कागदावर एकोणीस मुठींच्या खुणा काढ.

स्क्रीनवर पदर कपाळापर्यंत घेतलेली तिशीतली बाई आली. मागे माळ आणि मेंढरंच मेंढरं.

"आबा ठाण्यात? आबांनी काय केलं?"

"काही नाही केलं. तू मला मेंढ्यांचे कान दाखव."

तिने मोबाइल डोळ्यांजवळ आणला. "तुमी खरंच पोलीस हाव ना?"

मी टोपी घालून कॅमेऱ्यासमोर आले. मग ती म्हणाली, "व्हय. कुठली मेंढी दाखवू?"

"प्रत्येक घराची एक."

पुढचा पाऊण तास माझ्या नोकरीतली सगळ्यात विचित्र ओळखपरेड चालली. ती बाई एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात मेंढीचा कान धरून कळपांतून फिरत होती. "ही डाव्या कानाची चीर, बघा नीट. ए, हल नको, मॅडम बघत्यात!" उपनिरीक्षक कागदावर टिक करत होता. मेंढी हलली की तो "जरा परत, जरा परत" म्हणायचा आणि ती म्हणायची, "तुमीच या की धरायला." ठाणे अंमलदार, पंच आणि तक्रार द्यायला आलेले दोघे, सगळे माझ्या टेबलाभोवती गोळा झाले होते.

अठरा जुळल्या. एकोणिसावा जुळेना. तांब्याच्या तारेची मूठ, डाव्या गालावर तीन खाचा. "तीन खाचांचं मेंढरू हितं नाय, मॅडम," सून म्हणाली.

उपनिरीक्षकाने पेन खाली ठेवलं. मी म्हाताऱ्याला आत बोलावलं.

"ही खूण कुणाची?"

"हाय एकाची. त्यानं औंदा मेंढरं इकली. हितंच शहरात वाचमनकी करतो. मेंढरं गेली म्हणून चाकू काय टाकून द्यायचा? वाड्यावरच पुजतो त्यो. त्याची खूण बी दुसरं कुणी घेत नाय."

आता नाव सांगितल्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. फोन लावला. मी चाकूबद्दल एक शब्द न बोलता विचारलं, तुमची कुठली वस्तू आज कुणाकडे आहे का? तिकडून लगेच आलं, "माझा चाकू व्हय? तारेच्या मुठीचा. मूठ तडकली होती, मीच तार गुंडाळली. का? हरवला का म्हातारबांनी?" त्याचा घाबरा आवाज ऐकून म्हातारा फोनवर ओरडला, "नाय रं बाबा, पोलिसांच्या ताब्यात हाय. लई जपून ठिवलाय!"

साडेतीनला मी मोठ्या साहेबांना फोन केला. "पत्रकारांना आता काय सांगणार?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "चहा पाजते, सर. आणि बंदोबस्ताची माहिती देते." ते पलीकडे बराच वेळ हसले, पण शेवटी "अहवाल पाठवा" म्हणायला विसरले नाहीत.

स्टेशन डायरीला नोंद घेतली, म्हाताऱ्याचा अंगठा घेतला आणि चाकू परत बांधले. उपनिरीक्षकाने स्वतःच्या हाताने सुतळी आवळली, रस्त्यात सुटू नये म्हणून दहा गाठी मारल्या. टोकं लांब लोंबत राहिली. "कात्री आणा रे," तो म्हणाला.

"कशाला?" म्हातारा म्हणाला. त्याने हात वर केला, लाल पटक्याच्या घडीतून शिंगाच्या मुठीचा एक चाकू काढला, अंगठ्याने उघडला, सुतळी कापली आणि चाकू परत घडीत ठेवला.

अंगझडतीच्या कागदाखाली दोन पंचांच्या सह्या होत्या.

"बाबा, हा कुठून आला?"

"सकाळीच सांगितलं की सायेबास्नी. माझा माझ्यापाशी हाय म्हणून."

उपनिरीक्षकाचे कान लाल झाले होते. "म्हाताऱ्या माणसाच्या पटक्याला हात कसा लावायचा, मॅडम?"

त्याला मी बोलले ते इथं लिहीत नाही. पण तो ऐकून घेत होता तेव्हा मला कळत होतं की म्हाताऱ्याचं ते वाक्य मीही ऐकलं होतं. दहा फुटांवर बसून ऐकलं होतं. पाच तास एक माणूस माझ्या ठाण्यात चाकू घेऊन बसला होता, आणि त्याने ते लपवलं नव्हतं. त्याने पहिल्या दहा मिनिटांत सगळं खरं सांगितलं होतं: चाकू कुणाचे, कशावरून ओळखायचे, स्वतःचा कुठे आहे. आम्ही आमच्या सोयीचं उत्तर येण्याची वाट बघत होतो. गुन्हेगार खोटं बोलतो हे पोलिसाला पहिल्या वर्षी कळतं. खरं बोलणारा माणूस समोर बसला की कान उघडे ठेवावे लागतात, हे कळायला मला पंचवीस वर्षं आणि एकोणीस चाकू लागले.

पाचची बस मिळावी म्हणून त्याला जीपने स्टँडवर सोडलं. गाठोडं त्याने पुन्हा मांडीवरच घेतलं. सात वाजता सुनेने फोटो पाठवला: पाट मांडलेला, त्यावर ओळीने चाकू. खाली लिहिलं होतं, 'आबा आले. मेंढ्या तुमाला इचारत्यात.'

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात शस्त्रपूजन होतं. रायफली आणि पिस्तुलं झेंडूच्या माळा घालून टेबलावर मांडली होती. हजेरी झाली. आधी मी एका हवालदाराला पटका बांधला आणि सगळ्या स्टाफकडून त्याची अंगझडती करवून घेतली, मान ठेवून आणि नियमाने, पटक्यासकट. मग म्हटलं, "आता ज्याच्या त्याच्या खिशातला चाकू पूजेला टेबलावर ठेवा."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग देवगाव रंगारी गावच्या हवालदाराने सुपारीचा काढला. ड्रायव्हरने पेचकसाचा. ठाणे अंमलदाराने आजोबांचा म्हणून जपलेला, घोड्याच्या आकाराचा. त्याच्या घरी असे अजून बारा असल्याचं तेव्हा कळलं. लेखनिक महिला शिपायाने पेन्सिलीला टोक काढायचा. माझा मी पर्समधून काढला. बाकीच्यांचे धरून मोजले तर अकरा झाले.

उपनिरीक्षकाने आपल्या खिशातला बारावा हळूच त्या ओळीत ठेवला, हळदीकुंकू वाहिलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडम, पत्रकार बोलवायचे का?"

मी त्याला नारळ फोडायला पाठवलं.