खिळ्यावरची माळ

काविळीची माळ मी सव्वीस वर्षं दिली. सासूने शिकवली होती. रविवारी आणि बुधवारी सकाळी, आजाऱ्याने तोंडात पाणी घ्यायच्या आत. एका झुडपाच्या ओल्या काड्यांचे तुकडे, पांढरा दोरा आणि एक वेगळी गाठ. झुडपाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर कोणीतरी पुन्हा करायला बसेल.

माळ आधी डोक्यावर बसते, टोपीच्या काठासारखी. मग वाढते, गळ्यात उतरते, छातीवर येते. बेंबीला टेकली की कावीळ उतरली, माळ वाहत्या पाण्यात सोडायची. तोवर तेल, तिखट, हळद बंद. आणि सुई टोचायची नाही. सुई टोचली की माळ वाढत नाही, असं सासू सांगायची, मीही सांगायचे. पैसे घ्यायचे नाहीत, बरं झाल्यावर एक नारळ. वरवट बकालहून, संग्रामपूरहून माणसं यायची. मी चौथी शिकलेली, पण माझ्या दारात मास्तरसुद्धा चपला काढून उभे राहायचे. ते मला आवडायचं.

एकदा दोन बहिणींसाठी दोन माळा केल्या. त्यातली एक आलीच नाही. तिची माळ मी पिठाच्या डब्यावरच्या खिळ्याला अडकवली आणि विसरले. आठ दिवसांनी पाहते तर माळ खिळ्यापासून डब्याच्या झाकणापर्यंत लोंबत होती. भिंतीला काही कावीळ झाली नव्हती. मी बोटांनी चाचपून पाहिलं. काड्या वाळून बारीक झाल्या होत्या, म्हणून गाठी सरकत गेल्या होत्या. एवढंच.

माळ चुलीत घातली. कोणाला सांगितलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा काड्या मोडायला बसले. मनात म्हटलं, माणसं बरी तर होतात. बहुतेक कावीळ आपली आपण उतरते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माळ आपली आपण वाढते एवढं मात्र माहीत होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी माझी शेजारीण तिच्या सुनेला घेऊन आली. शेजारीण आणि मी तरुणपणापासून शेतात एका पातीवर तण निंदलेल्या. सून पहिलटकरीण, सातवा महिना. डोळे पिवळे, नखं पिवळी. मी माळ तिच्या डोक्यावर ठेवली, तेव्हा तिने खालमानेनेच विचारलं, "मावशी, आशाताई म्हणते रक्त तपासाले चला. जाऊ का?"

तिची सासू लगेच म्हणाली, "ते आशा कालची पोट्टी. तिले काय समजते?"

दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. खिळा मला तेव्हा आठवला होता. आठवला नव्हता असं मी कोणाला सांगू शकत नाही.

मी म्हटलं, "माळ हाय तोवर सुई नाही."

चौथ्या दिवशी शेजारणीने मला बोलावलं. माळ पोरीच्या छातीच्या खाली आली होती. सासू खूश. "पाह्य वं, कशी भराभर उतरून राह्यली!" पोर मात्र भिंतीला टेकून झोपेत असल्यासारखी बसली होती. मला पाहून म्हणाली, "आई, बैल सोडले का?" मी तिची आई नव्हते, आणि त्या घरात बैल नव्हते.

"उपासानं बरळते," सासू म्हणाली.

मी माळ पाहिली, पोर पाहिली, आणि घरी आले. 

दुसऱ्या दिवशी आशाताई गाडी घेऊन आली. सासू दारात आडवी आली. आशा मला ओरडून म्हणाली, "मावशी, तुम्ही तं सांगा यायले! पोटातल्या लेकराचे ठोके मोजते का तुमची माळ?" मी माझ्या ओट्यावरून उठले नाही. शेवटी सूनच भिंतीला धरत धरत निघाली आणि गाडीत बसली. शुद्ध किती होती देव जाणे, पण पाय तिचे होते.

अकोल्याच्या दवाखान्यात सतरा दिवस ठेवली. ती वाचली. मुलगा पोटातच गेला.

परत आल्यावर शेजारीण माझ्याकडे नारळ घेऊन आली. म्हणाली, "तुह्या माळेनं सून वाचली बाई. त्या सुईनं माहा नातू खाल्ला. हेच गेली ना पायानं चालत, टोचून घ्याले!"

तेव्हा तरी सांगायचं होतं. मी नारळ घेतला.

मी माळ देणं बंद केलं. बोटं कापतात, गाठ बसत नाही, असं लोकांना सांगितलं. तेही खोटंच. पलीकडच्या अंगणात मात्र रोज ऐकू यायचं. भाकर करपली, दूध उतू गेलं, की सासू त्या पोरीला म्हणायची, "सुई टोचून घ्याले बरी अक्कल होती." मधे एक भिंत. सात वर्षं मी ते ऐकत तांदूळ निवडले, कपडे वाळत घातले.

यंदा दिवाळीनंतर ती सून स्वतः आली. कडेवर पाच वर्षांची मुलगी, डोळे पिवळे. म्हणाली, "मावशी, सासूबाईनं पाठवलं. कापत्या हातानं का होईना, एक माळ बांधून द्या म्हणते."

मी तिला बसवलं आणि खिळ्याची गोष्ट सांगितली. सगळी. मुलगी तिच्या बांगड्यांशी खेळत होती.

"कधीची गोष्ट हे?" तिने विचारलं.

"तुह्या काविळीच्या दोन वर्षं आधीची."

"म्हणजे मले माळ घातली तवा तुम्हाले माहीत होतं."

"हाव."

"मंग सुई टोचू नको काऊन म्हटलं?"

मी म्हटलं, "तुही सासू समोर होती. माही इज्जत गेली असती."

तिने मुलीला कडेवर घेतलं आणि उठली. "मी हिले दवाखान्यात घेऊन चालली. मले सांगून काय करता? मी तं तवाच गाडीत बसली होती. सासूबाईले सांगा."

संध्याकाळी मी शेजारणीकडे गेले. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. मी सांगितलं. तिने सोलणं थांबवलं नाही. म्हणाली, "म्हातारपणी तुले भ्रम झाला. तुह्या हातचा गुण म्या डोळ्यानं पाह्यला हाय."

"काय पाह्यलं? माळ वाढली, हेच ना?"

"मंग?"

मी घरी आले. दुसऱ्या दिवशी ओल्या काड्या आणल्या आणि माळ बांधली. बोटं आता खरंच कापतात, दुपार गेली. ती माळ तिच्या दाराच्या खिळ्याला अडकवली आणि म्हटलं, "हात लावू नको. नुसती पाह्य."

"काहाले?"

"सुनेले सात वर्षं बोलली त्याच्यासाठी."

पाच दिवस मी तिकडे फिरकले नाही. त्या दिवसांत पलीकडून सुईचं नाव एकदाही ऐकू आलं नाही. सहाव्या दिवशी गेले तर खिळा रिकामा होता. शेजारीण पाठ करून बसली होती. वळली नाही.

सून मुलीला उसाचा रस पाजत होती. मुलीच्या हातावर सुईच्या जागी कापूस चिकटवलेला. मी विचारलं, "माळ कुठी हाय?"

"सासूबाईनंच काढली. दाराच्या कडीपर्यंत आली होती," ती म्हणाली.

एवढंच बोलली. बस म्हणाली नाही, चहा विचारला नाही. बरोबरच केलं. मी घरी आले.