दोनशे चौदावी वॉर्निंग

माझ्या तोंडून कौतुक म्हणजे उंबराचं फूल. तीस वर्षं वॉर्डात नर्स होते, शिकाऊ पोरी मला बघून जिना बदलायच्या. तेव्हा सुनेबद्दल मी चार शब्द चांगले बोलतेय म्हणजे काहीतरी असेलच की!

ती सलाईनच्या पंपाचे प्रोग्राम लिहिते. हा पंप शिरेत थेंब थेंब औषध सोडतो आणि बाटली संपली की थांबतो. लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलून देणारा कंपायलर आधी तो तपासतो. साफ चुकलं असेल तर अडवतो. नुसता संशय आला तर वॉर्निंग देतो आणि पुढे जाऊ देतो. तिच्या ऑफिसात वॉर्निंगची पातळी पार तळाला ठेवलेली. त्यानं ओरडायला नको, यांनी ऐकायला नको! हिनं काय करावं? कंपायलरला द्यायच्या कमांडमध्ये, म्हणजे हुकमात, दोन ऑप्शन घातले: सगळ्या वॉर्निंग दाखव, आणि एक जरी निघाली तरी प्रोग्राम बनवूच नकोस.

दोनशे चौदा निघाल्या. नवा पंप तर शुक्रवारी द्यायचा होता. हिचं नाव 'कटकट' पडलं.

साहेब म्हणाले, "अहो मॅडम, वॉर्निंगच आहेत त्या, चुका नाहीत. काढा ते ऑप्शन. टीम लीडरची जागा तुम्हालाच द्यायचीय, कशाला उगाच खोडा घालताय?"

तिनं घरी येऊन हे सांगितलं आणि माझं डोकंच फिरलं. आवाजाचा त्रास होतो म्हणून अलार्म बंद करणारे महाभाग मी वॉर्डात पाहिलेत. एकदा मीही केला होता. पेशंट वाचला, पण ती दोन मिनिटं मी अजून विसरलेले नाही. म्हटलं, "काढलेस तर याद राख."

चार दिवस ती वॉर्निंग निस्तरत बसली. बहुतेक किरकोळच होत्या. शेवटची मात्र म्हणत होती, ही अट कधीच खरी ठरणार नाही. 'उरलेलं औषध शून्याखाली गेलं की थांब' अशी ती अट. पण तो आकडा अशा जातीचा ठेवला होता की त्याला उणे होताच येत नव्हतं. शून्याखाली जायच्या ऐवजी तो उलटून अब्जावधी व्हायचा. म्हणजे बाटली रिकामी आणि पंप चालूच! शिरेत हवा!

ती ओळ हिचीच होती, नोकरीच्या पहिल्या वर्षातली. जुन्या पंपांमधून दवाखान्यांत पोचलेलीसुद्धा. नर्स बाटली संपायच्या आत बदलतात, म्हणून आजवर निभावलं. गुपचूप सुधारली असती तर या कानाचं त्या कानाला कळलं नसतं.

"आई, सांगितलं तर जागा गेली," ती म्हणाली. खोटं कशाला बोलू, मीही मनात पगाराचा हिशेब केला. त्या जागेवर घरातल्या सगळ्यांचा डोळा होता.

सकाळी ऑफिसात तिनं जुना पंप टेबलावर ठेवून सगळ्यांना बोलावलं. बाटली संपली, पंप फिरतच राहिला.

"ही चूक माझी," ती म्हणाली. "आणि कंपायलरचं तोंड आपण बंद केलं नसतं, तर त्यानं ती पहिल्याच दिवशी सांगितली असती."

साहेबांनी दवाखान्यांना फोन लावले. सगळे पंप परत आले. जागा दुसऱ्याला मिळाली. ते दोन ऑप्शन मात्र अजून कमांडमध्ये आहेत. काढायची कुणाची टाप नाही.

परवा मी तपासणीसाठी दवाखान्यात होते. शेजारच्या खाटेवरची बाटली संपली, पंप जागच्या जागी थांबला आणि अलार्म वाजला. नर्स धावत आली.

"आजी, घाबरू नका हं."

"घाबरतंय कोण?" मी म्हटलं. "माझ्या सुनेनं थांबवलाय तो!"