त्यानं उचललेला बेलभंडारा

माझा धाकटा भाऊ दारूनं गेला असं आमच्या गावात सगळे सांगतात. तो दारूनं नाही गेला, दारू सोडल्यावर गेला. मी हे सांगितलं की लोक माझ्या तोंडाकडे असं बघतात, जणू मीच पिऊन आलेय.

माझं माहेर वेल्हे तालुक्यात, पासली गावाच्या वरच्या अंगाला. मी लग्न होऊन भोरला आले. भाऊ गावातच राहिला. त्याच्याकडे पॉवर टिलर होता आणि भातलावणीच्या दिवसांत आसपासच्या वाड्यांची चिखलणी तोच करायचा. उन्हाळ्यात करवंदांचा डबा घेऊन एसटीनं भोरला यायचा, माझ्या नवऱ्याची यथेच्छ टिंगल करायचा आणि जेवून परत जायचा. एवढा साधा माणूस होता.

त्याला दारू लावली ती याच गावानं. दिवसभर पावसात, गुडघाभर चिखलात उभा असतो, अंगात ऊब राहायला हवी, म्हणून ज्याच्या खाचरात काम तो मजुरीवर एक क्वार्टर ठेवायचा. नको म्हटलं तर रागवायचे. आमचे चुलते तर स्वतः ओतून द्यायचे. पुढं भाऊ सकाळी उठल्या उठल्या प्यायला लागला, तेव्हा हीच माणसं त्याला बेवडा म्हणायला लागली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात, पण आमचे चुलते कोरडेसुद्धा नव्हते.

गेल्या साली भातकापणी उरकल्यावर चुलत्यांनी ठरवलं, याला भैरोबाच्या देवळात बेलभंडारा उचलायला लावायचा. आमच्याकडे बेलभंडारा उचलून दिलेला शब्द मोडत नाहीत. मलाही बोलावणं आलं. मी खुशीत गेले, वाटलं चला, एकदाची सुटेल. भावाचा हात इतका थरथरत होता की भंडारा निम्मा खाली सांडला, आणि मागं कुणीतरी हसलं. तो कुणाकडे न बघता देवाला म्हणाला, "आता थेंबाला शिवणार न्हाई. शिवलो तर तू हायेस आन् मी हाय."

दुसऱ्या दिवशी त्याला दरदरून घाम सुटला. हातात कप ठरेना. भिंतीवर उंदीर चढताहेत म्हणून दाखवायला लागला, आणि भिंत तर रिकामी होती. मधेच भानावर आला तेव्हा माझा हात धरून म्हणाला, "आक्का, मी मागितली तरी दिऊ नगंस." मी म्हटलं, याला भोरला दवाखान्यात नेऊ या. चुलते दारातच उभे होते. शब्द देवापुढं दिलाय, आता डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे देवावर विश्वास नाही असं होतं, ते म्हणाले. नशा उतरतेय, उतरू दे. चार माणसांनी माना डोलावल्या. आई त्याच्या उशाशी बसून चमच्यानं पाणी पाजत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात त्याला झटका आला, तो थांबतो तोवर दुसरा. दुधाच्या टेम्पोत घालून निघालो. वेल्ह्याच्या अलीकडेच सगळं संपलं.

वेल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. वर्षानुवर्षं पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर शरीराला सोसत नाही, त्याला औषधं असतात, दवाखान्यात ठेवून सोडवावी लागते, आधी आणायला हवं होतं, असं त्या म्हणाल्या. हे मी घरी येऊन भरल्या माणसांत सांगितलं. चुलत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते शांतपणे म्हणाले, "चोरून प्याला आसंल. भैरोबा सोडत न्हाई."

एका वाक्यात देव सुटला, चुलते सुटले, गाव सुटलं. खोटा ठरला तो एकटा माझा भाऊ, आणि त्याला तर आता बोलता येत नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती अजून उतरलेली नाही.

दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना. आईला मी सांभाळीन, असं माझं म्हणून झालं. टिलर विकणार नाही, असं चुलतभावाचं म्हणून झालं. कावळे समोरच्या झाडावर बसून राहिले. मग चुलत्यांनी खिशातून क्वार्टर काढली, बूच उघडलं आणि पिंडाशेजारी ठेवली. जित्तेपणी सुटली नाही, आता लपवून काय करायचं, म्हणाले. मी ती उचलायला पुढं झाले तर बायकांनी मला धरलं. तेवढ्यात एक कावळा खाली आला आणि भाताला चोच लावून गेला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते म्हणतात, ती अशी. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बघा, याच्यातच जीव अडकला होता, असं बोलत माणसं जेवणाकडे वळली. चुलत्यांचा चेहरा तर एखादा दावा जिंकल्यासारखा झाला होता.

मी आईला धरून घरी निघाले. बांधाशी आलो. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "खरंच चोरून प्याला आसंल का गं?"

ते तीन दिवस तो आमच्या नजरेआड झाला नव्हता. त्याच्या तोंडात गेला तो पाण्याचा चमचा, आणि तो तिच्याच हातात होता.